इंग्रजी शिकवायला जाते आहेस, तर इंग्रजीच शिकव

प्रिय ताई,

मी सत्तावीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांचा एक गट सुट्टीत परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे धर्मप्रचाराच्या दौऱ्यावर, जातो आहे. तिथल्या एका केंद्रात आम्ही महिनाभर इंग्रजी शिकवणार. वर्गात बारा-तेरा वर्षांची मुलं असतील, तशी नोकरीसाठी इंग्रजी शिकणारी मोठी माणसंही असतील. त्या देशात कुणाचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. आम्हाला सांगितलंय की व्हिसा पर्यटकाचा काढायचा, कोणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणायचं, दुसऱ्या आठवड्यापासून धड्यांत येशूच्या गोष्टी हळूहळू आणायच्या आणि शेवटच्या दिवशी वर्गातच येशूला स्वीकारण्याचं आवाहन करायचं. मी शंका काढली, तर 'तुला सुवार्तेची (येशूच्या संदेशाची) लाज वाटते का?' असं उत्तर मिळालं. वर बायबलच्या यहेज्केल या पुस्तकातलं पहारेकऱ्याचं वचनही ऐकवलं: तलवार येताना दिसूनही त्याने इशारा दिला नाही, तर दोष त्याचा. मला लाज वाटत नाही. प्रभूने मला जे दिलं ते सांगावंसं फार वाटतं. पण हे असं? आणि शिकणाऱ्यांनी स्वतःहून विचारलं, तर मी गप्प बसायचं का?

– एक शिक्षिका

प्रिय मैत्रिणी,

पर्यटक व्हिसा आणि 'फिरायला आलोय' हे उत्तर, या अटीवर जाऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

बिनपगारी शिकवणंही पुष्कळ देशांत कामच धरलं जातं आणि ते पर्यटक व्हिसावर चालत नाही. म्हणजे येशूचं नाव तोंडातून निघण्याआधीच तुम्ही विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी खोटं बोललेले असाल. बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढून बघ. लाजेच्या, लपवाछपवीच्या गोष्टी आम्ही टाकून दिल्या, आम्ही कपटाने चालत नाही, असं तो तिथे स्वच्छ सांगतो. तुला लाजेबद्दल विचारणाऱ्यांना हा अध्याय वाचायला दे.

त्यावर कुणीतरी 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे पेत्राचं वाक्य काढेल. जरूर काढू दे. पेत्र ते न्यायसभेसमोर उभा राहून, स्वतःच्या नावाने बोलला आणि लगेच त्याबद्दल फटके खाल्ले. आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत, हे तो कुणापासून लपवत नव्हता. सहलीला आल्याचं सांगून सीमा ओलांडणाऱ्याला त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहता येत नाही.

देशाचं नाव तू लिहिलं नाहीस, ते बरंच केलंस. पण तिथला कायदा मुळातून वाच. 'तिकडे जरा कडक आहे' एवढ्या माहितीवर निघू नकोस, कारण देशागणिक फरक मोठा असतो. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याला मनाई आहे आणि तिथल्या 2017 च्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढायचं, असंही त्यात म्हटलं आहे. अल्जीरियाचा 2006 चा अध्यादेश मुसलमानांच्या धर्मांतरासाठी प्रलोभन दाखवणाऱ्याला दोन ते पाच वर्षांची कैद सांगतो. त्यासाठी शिक्षणसंस्थांचा वापर करण्याचा उल्लेख त्यात नाव घेऊन आहे, म्हणजे तुमच्यासारखे वर्ग कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतेच. चीनमध्ये 1994 च्या नियमांपासून परदेशी माणसाला तिथल्या नागरिकांमध्ये प्रचार करायला बंदी आहे. तो स्वतः उपासना करू शकतो.

माझं मत विचारशील, तर हे कायदे अन्यायाचे आहेत. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही माणसाचं मानतं आणि ते मला मनापासून पटतं. पण कायदा अन्यायाचा आहे म्हटल्यावर तो मोडण्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. तुझ्यावर काही आलं, तर बहुधा चौकशी होईल, तुला परतीच्या विमानात बसवतील आणि घरी आल्यावर मंडळीत तुला साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं करतील. वर्गातल्या त्या माणसाला परतीचं विमान नाही. पोलिस त्याच्या दारात येणार, नोकरीवरून त्याला काढणार, घरचे त्याच्याशी बोलणं टाकणार. केंद्र चालवणाऱ्याला टाळं लावावं लागणार. त्या गावात एखादी लहानशी मंडळी असेल, तर तिच्या पाळकाला (धर्मगुरूला) तुमच्यामुळे ठाण्याच्या चकरा माराव्या लागतील, आणि त्या महिन्या-दोन महिन्यांत संपत नाहीत. तुमच्या गटाने या पाळकाशी बोलून पाहिलं आहे का? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आता वर्गाकडे येते.

तू शाळेत शिकवतेस, तेव्हा हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार: वर्गात शिक्षकाच्या बोलण्याला जे वजन असतं, ते त्याच्या मुद्द्याचं नसतं, खुर्चीचं असतं. त्यात तू परदेशी, फुकट शिकवणारी, पाहुणी. समोरच्याला नोकरी हवी आहे आणि नोकरीसाठी तुझ्याकडे असलेली भाषा हवी आहे. अशा माणसाला 'नको' म्हणणं किती जड जातं! 1998 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे ग्रीसच्या हवाई दलातल्या पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाच्या तीन अधिकाऱ्यांचं प्रकरण आलं होतं. त्यांनी आपल्या हाताखालच्या सैनिकांना आणि बाहेरच्या नागरिकांनाही विश्वासाबद्दल सांगितलं होतं आणि ग्रीसने त्यांना दोन्हींसाठी शिक्षा केली होती. न्यायालयाने त्यात फरक केला. नागरिकांशी बोलल्याबद्दलची शिक्षा चूक ठरवली, कारण नागरिक उठून जाऊ शकत होते. सैनिकांच्या बाबतीतली शिक्षा मात्र कायम ठेवली, कारण वरिष्ठाने विषय काढल्यावर हाताखालच्याला तिथून काढता पाय घेणं कठीण असतं. शब्द तेच, बोलणारे तेच. ऐकणाऱ्याला उठता येतं की नाही, एवढ्यावर निकाल फिरला.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला, येशूचा संदेश सांगत फिरणारा फिलिप्प आठव. कूशी (इथिओपियाच्या) राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो आहे, फिलिप्प शेजारून पायी चालला आहे. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? खजिनदार त्याला वर बोलावतो, तेव्हा तो रथात चढतो. मोठा माणूस कोण, हे बघितलंस ना? रथ खजिनदाराचा, वेळ त्याचा, फिलिप्पाला उतरवून देण्याचा अधिकारही त्याचाच. तुमच्या ठरलेल्या कार्यक्रमात हे सगळं उलटं आहे: रथ तुमचा, आणि समोरच्याला आत घेऊन दार लावलेलं.

शेवटच्या दिवसाच्या त्या आवाहनाबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं, कारण यात शिक्षिका म्हणूनही तुझा जीव अडकायला हवा. नवशिक्यांचा भाषेचा वर्ग कशावर चालतो? 'माझ्यामागून म्हणा' यावर. महिनाभर तुम्ही त्यांना सवय लावणार की मी वाक्य बोलले की तुम्ही ते एका सुरात म्हणायचं, अर्थ नंतर कळेल. आणि शेवटच्या दिवशी त्याच आवाजात, त्याच भाषेत, त्याच खुर्चीवरून स्वीकाराची प्रार्थना सांगणार. वर्ग ती म्हणणारच! काहींना तो आणखी एक सराव वाटेल. काहींना अर्धे शब्द कळलेले नसतील. काही जण निव्वळ पाहुण्या बाईंचं मन राखायला म्हणतील. मग हात वर करायला सांगितलं की हातही वर होतील, कारण महिनाभर उत्तर येत असलं की हात वर करायचा, हेही तुम्हीच शिकवलेलं असणार. ते हात मोजून आकडा घरी कळवला जाईल. त्या आकड्यात एकाच्या तरी मनाचं काही आहे का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि त्या आकड्यावर पुढच्या वर्षीची ट्रिप ठरेल. मला याचा राग येतो, हे लपवत नाही.

या गोष्टी नव्या नाहीत. जपानमध्ये 1871 साली कुमामोतोच्या शाळेत जेन्स नावाचा अमेरिकी माजी सैनिक अधिकारी शिकवायला आला. सगळे विषय इंग्रजीतून. तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी होती आणि बंदीच्या जाहीर पाट्या 1873 मध्ये काढून टाकल्या गेल्या. पहिली काही वर्षं त्याने धर्माचा विषयच काढला नाही, नुसतं मन लावून शिकवलं. पुढे इच्छा असलेल्या मुलांना तो घरी बोलावून बायबल वाचू लागला. जानेवारी 1876 मध्ये पस्तीसेक विद्यार्थ्यांनी हानाओका टेकडीवर जाऊन विश्वासाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्यानंतर काही घरांत मुलांना कोंडून ठेवलं गेलं, त्यांची पुस्तकं जाळली गेली, आणि त्याच वर्षी ती शाळा बंद झाली. बरेचसे विद्यार्थी क्योतोच्या दोशिशा शाळेत गेले आणि जपानच्या प्रोटेस्टंट मंडळीचे पुढारी तिथून निघाले, हे खरंच. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहते. जेन्सने वर्षं घालवली होती, महिना नव्हे, आणि त्या टेकडीवर चढणाऱ्या मुलांना आपल्या घरी काय होणार, हे पुरतं ठाऊक होतं.

त्याच 1876 साली जपानमध्येच साप्पोरोच्या शेती महाविद्यालयात क्लार्क नावाचा अमेरिकी प्राध्यापक आला. तो आठ-नऊ महिनेच राहिला. त्याने विद्यार्थ्यांना बायबल शिकवलं, एक करारपत्र लिहिलं, पहिल्या तुकडीने त्यावर सह्या केल्या आणि तो परत गेला. पुढच्या तुकडीत उचिमुरा कान्झो होता. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्याच्यामागे लागून त्याची सही घेतली. ती मनाविरुद्ध होती, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तुझे गटप्रमुख म्हणतील, बघ, शेवटी तो जपानचा मोठा ख्रिस्ती विचारवंत झालाच ना! झाला. आणि मोठा झाल्यावर त्याने परदेशी मिशनांच्या आधाराशिवाय, त्यांच्या मंडळ्यांच्या चौकटीबाहेर चालणारी चळवळ उभी केली. बाहेरून येऊन सह्या गोळा करणाऱ्यांविषयी त्याचं मत काय झालं असेल, याचा अंदाज मी तुझ्यावर सोपवते.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. कुणी स्वतःहून विचारलं तर?

तर खरं सांग. गप्प बसायचं कारण नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने द्या, असं म्हटलं आहे. त्यात 'विचारणाऱ्याला' हा भाग आधी येतो. वर्गात कुणी विचारलं, 'तुम्ही ख्रिस्ती आहात का?', तर 'हो' म्हण आणि धड्याकडे वळ. सविस्तर ऐकायचं असेल, तर तास संपल्यावर, मोठ्या माणसाशी, त्याने निवडलेल्या ठिकाणी बोल. आधी दोनतीन वाक्यं मनाशी तयार ठेव: मी येशूवर विश्वास ठेवते, त्याने माझ्या आयुष्यात हे केलं, इथे मी शिकवायला आले आहे. एवढं सांगून थांब. त्याने पुढे विचारलं तर पुढे बोल, विषय बदलला तर तूही बदल. बायबल मागितलं तर ते तिथे कायद्याने मिळतं का, कुठे मिळतं, हे स्थानिक मंडळीकडून आधीच विचारून ठेव. आणि त्याला हेही सांग की या बोलण्याचा त्याला त्रास होऊ शकतो. धोका ठाऊक असूनही तो बोलला, तर तो त्याचा निर्णय. धोका लपवून तू त्याला बोलतं केलंस, तर तो तुझा.

ज्याला तू गुण किंवा प्रमाणपत्र देणार आहेस, त्याच्याशी हे बोलणं निकाल हातात पडेपर्यंत पुढे ढकल.

मुलांशी नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने विचारलं, तरी 'मी ख्रिस्ती आहे, बाकीचं आईबाबांना विचार' एवढंच. 1989 च्या बालहक्क करारात मुलाला धर्मस्वातंत्र्य आहे आणि त्यात त्याला दिशा दाखवण्याचा हक्क पालकांचा मानला आहे. पण करार बाजूला ठेव. तुझ्या वर्गातल्या मुलाला एखाद्या बाईंनी गणिताच्या तासाला, तुझ्या नकळत, दुसऱ्या धर्माची प्रार्थना म्हणायला लावली, तर तू मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहशील. मीही राहीन.

नाताळ किंवा ईस्टर हा सणाचा धडा म्हणून अभ्यासक्रमात असेल, तर शिकव. 'ख्रिस्ती लोक असं मानतात' या वाक्याने सुरुवात कर, त्यांच्या सणांबद्दल त्यांना इंग्रजीत सांगायला लाव. तो तास उत्तम होतो, कारण आपल्या घरचं सांगताना माणूस चुकायला घाबरत नाही. बायबलच्या गोष्टी वाचनपाठ म्हणून घालण्याची कल्पना मात्र सोड. लपून आणायच्या म्हणून तर नकोतच, पण नवशिक्यांना ती भाषाही झेपत नाही. 'मेंढपाळ', 'कोकरू' आणि 'तारण' हे शब्द नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही.

शिकवण्याची तयारी कर, खरी तयारी. तू शाळेत शिकवतेस, पण परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं हे वेगळं कसब आहे. सेल्टासारख्या, इंग्रजी शिक्षकांसाठीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला किमान एकशेवीस तास लागतात आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवावं लागतं. तेवढं जमलं नाही, तरी तिथल्या शिक्षकांना आधी पत्र पाठवून विचार: तुमचं पुस्तक कोणतं, मुलं कुठे अडतात, आम्ही गेल्यावर पुढे कोण शिकवणार? महिन्याभराच्या पाहुण्याला व्याकरण नव्याने सुरू करण्यापेक्षा बोलण्याचा सराव, उच्चार, अर्ज लिहिणं, मुलाखतीची रंगीत तालीम हे जास्त जमतं. गटातल्या बाकीच्यांना इंग्रजी शिकवता येतं का, हेही बघ. नुसतं बोलता येणाऱ्याला वर्ग देणं म्हणजे त्या माणसांचा महिना वाया घालवणं, आणि त्यांच्याकडे तुमच्यासारखी सुट्टी नसते. पौल करिंथात तंबू शिवत होता. ते तंबू गळत असते, तर त्याचं प्रवचन कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

फोटोंचंही सांगते, कारण याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. प्रार्थनापत्रात आणि फेसबुकवर 'या बंधूला वचनाची भूक आहे' असं लिहून वर्गातला फोटो टाकू नका. आधार देणाऱ्या मंडळींना काहीतरी दाखवावं लागतं, हे मला कळतं. पण ते पत्र कुणाकडून कुणाकडे जाईल, यावर तुमचा ताबा नाही. नाव, चेहरा, गाव, काहीच नको. वर्गाचा फोटो हवाच असेल, तर फळ्याचा काढा.

राहिलं यहेज्केलाचं वचन. पहारेकऱ्याला शहराच्या लोकांनी आपल्यातूनच निवडलेलं असतं, तो त्याच शहरात राहतो आणि तलवार आली तर ती त्याच्याही मानेवर येते. तेहेतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला की हे दिसतं. तू त्या शहराची पहारेकरीण नाहीस. तिथला पाळक आहे, तिथले विश्वासी आहेत, आणि कुणाशी कधी बोलायचं हे ते तुझ्यापेक्षा जास्त ओळखतात. त्यांनी सांगितलं की महिनाभर विश्वासाबद्दल चकार शब्द काढू नका, तर काढायचा नाही. त्यांनी एखाद्याला भेट म्हटलं, तर भेट. आणि जो विद्यार्थी खरोखर पुढे यायला बघतो, त्याची गाठ त्यांच्याशी घालून द्यायची ती दोघांना विचारून, कारण विश्वासाच्या वाटेवर त्याला पुढची वीस वर्षं कुणाची तरी सोबत लागणार आहे. तू तेव्हा तिथे असणार नाहीस.

तुझ्या गटप्रमुखांना हे माझं एकटीचं मत वाटेल, तर त्यांना सांग की 2011 मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, जागतिक मंडळी परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष कशी द्यावी याची सूत्रं प्रसिद्ध केली आहेत. सेवेच्या आडून प्रलोभन दाखवणं आणि गरजेचा फायदा घेणं हे त्यांत स्पष्टपणे नाकारलं आहे. साक्ष देणं हे ख्रिस्ती माणसाचं भाग्य आणि आनंद आहे, हेही त्यांत आहे, तेव्हा कुणी तुला भित्री ठरवण्याचं कारण नाही.

आता काय करायचं? पैसे भरण्याआधी गटप्रमुखांकडून लेखी उत्तर माग: कामाला चालणारा व्हिसा काढणार का, वर्गातलं आवाहन रद्द करणार का, आणि तिथल्या मंडळीशी कोण, कधी बोललं? व्हिसावर ते अडून बसले, तर नाव काढून घे आणि कारण पाळकांना सांग, गटात कुजबुज होण्याआधी. आवाहनावर अडले, तर 'मी अल्पवयीन मुलांच्या वर्गात असले काही करणार नाही' हे आत्ताच सांगून ठेव, शेवटच्या दिवशी नव्हे. आणि उघडपणे सुवार्तेसाठीच जायची ओढ असेल, तर तसंही जाता येतं: जपानसारख्या देशांत धर्मकार्यासाठी वेगळा व्हिसा मिळतो. तो काढून जाणाऱ्याला विमानतळावर कुठलीही गोष्ट रचावी लागत नाही. हा पर्याय तुझ्या गटापुढे कुणी मांडलाच नसेल, तर पुढच्या बैठकीत तू मांड.

तुझी,
ताई